चारशे मीटरची रायफल

जुई परदेशात, हॉर्नबी नावाच्या उपनगरातल्या शिकारसामानाच्या दुकानात नोकरीला लागली, तेव्हा सांगलीहून आईने फोनवर विचारलं होतं, "अगं, शिकायला गेलीस आणि बंदुका विकतेस?" पण कोर्स संपला होता, नोकरी हवी होती, आणि एनसीसीत नेमबाजीत मिळवलेलं पदक या दुकानाखेरीज कुणाच्या कामाचं नव्हतं. तीन वर्षांत ती इतकी तरबेज झाली, की गिऱ्हाइकाने रायफल खांद्याला लावली की त्याला ती झेपेल की नाही, हे तिला लगेच कळे.

२००७च्या फेब्रुवारीत रणजित घोरपडे दुकानात आले. पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, मूळचे पुण्याचे, आता हॉर्नबीतल्याच एका कारखान्यात टूल डिझायनर. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीच्या कार्यक्रमात दोघांची ओळख झालेली; जुई त्यांना काका म्हणे.

"जुई, सोडतीत नंबर लागला! फिऑर्डलंडच्या रानात, वापिटी!"

वापिटी म्हणजे एल्क, आपल्या सांबराहूनही थोराड हरीण. त्याच्या शिकारीच्या परवान्यांसाठी सोडत निघते. काका आणि त्यांचा कारखान्यातला मित्र कॉलिन सात वर्षं अर्ज करत होते.

"मला थ्री-हंड्रेड मॅग्नम रायफल दे. चारशे मीटरवरून लागली पाहिजे."

"एवढ्या लांबून कशाला, काका?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "हा चढू देत नाही गं. दरीच्या या अंगाला बसायचं, त्या अंगाचा नर टिपायचा. पाय जात नाही तिथं गोळी जाऊ दे."

शनिवारी ती दुकानाची चाचणीची मॅग्नम घेऊन त्यांच्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेली. पहिला बार झाला आणि धक्क्याने काका बाकावर मागे सरकले. दुसरी गोळी लक्ष्याच्या कागदालाही लागली नाही. तिसरीच्या वेळी जुईने पाठ फिरवून नकली काडतूस भरलं आणि रायफल त्यांच्या हाती दिली. काकांनी चाप ओढला. नुसता 'टक्' झाला. तरी डोळे गच्च मिटलेले, आणि नळी वीतभर खाली झुकलेली.

काकांचा चेहरा लाल झाला. "तू फसवलंस मला."

"काका, धक्क्याची भीती सगळ्यांनाच बसते. मलाही बसली होती."

"सवयीने जाईल."

"जाईलही. पण समजा, चारशे मीटरवर गोळी लागली. जनावर तिथंच पडलं, तरी दरी उतरून पलीकडे चढायचं तुम्हालाच. आणि जखमी होऊन रान तुडवत गेलं, तर त्याच्या मागे कोण जाणार?"

काकांनी आवाज अडवणारे मफ कानांवरून काढून बाकावर ठेवले आणि तिचा निरोप न घेता गाडीकडे चालू लागले. लंगडणं लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. जुईला वाईट वाटलं. बापाच्या वयाच्या माणसाला आपण तोंडावर काय बोलून बसलो!

पाच दिवसांनी ते परत आले.

"कॉलिनला गुडघ्याचं आणि भीतीचं सांगून टाकलं. म्हटलं, हसेल. तर तो खाली मान घालून बसला. दहा वर्षांपूर्वी त्याने असाच लांबून एक नर जखमी केला होता. दोन दिवस शोधला, सापडला नाही. मला कधी बोलला नव्हता बघ." त्यांनी काउंटरवर बोटं वाजवली. "मला झेपेल ती दे."

जुईने थ्री-ओ-एट रायफल काढली. काडतूस आखूड, धक्का निम्म्यावर, गोळी मात्र वजनदार. महिनाभर दर शनिवारी दोघं रेंजवर गेली. काकांचे डोळे उघडे राहू लागले. दोनशे मीटरवर तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या, तेव्हा त्यांनीच ठरवलं: दोनशेच्या पुढे बार नाही.

एप्रिलमध्ये ते दुकानात आले ते वाळलेले, दाढी वाढलेले.

"पाच दिवस नदीकाठी बसून होतो. पाऊस, त्या चावऱ्या सँडफ्लाय माश्या, काय विचारू नकोस. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या उतारावर भलामोठा नर आला. साडेतीनशे मीटर असेल. कॉलिन माझ्याकडे बघायला लागला, मी नुसती नकारार्थी मान हलवली. आपल्या पायांनी निघून गेला तो."

"मग?"

"पाचव्या दिवशी पहाटे दुसरा आला, लहान. पाणी प्यायला. दीडशे मीटर. एकच गोळी." ते थांबले. "जवळ गेलो तर अंगातून वाफ निघत होती. मानेवर हात ठेवला आणि मला रडूच आलं गं. आनंद म्हणू की काय, कळेना. कॉलिन शहाणा, सरपण आणायला निघून गेला."

जुईने विचारलं, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार?"

"आधी गुडघा. जूनमध्ये ऑपरेशन आहे," काका म्हणाले, आणि तिच्याकडून रायफलच्या सफाईचं तेल मागून घेतलं.