वरच्या कप्प्यातले औषध

मित्रांनो, माझ्या दारावरचा लाल रंग आता ठिकठिकाणी उडाला आहे. दाराची रबरी पट्टी सैल झाली आहे, म्हणून घरातली माणसे मला गुडघ्याने ढकलून बंद करतात. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत, कुतुबुद्दीन मणेर यांच्या स्वयंपाकघरात उभा असलेला मी एक फ्रिज. उभ्या उभ्या जे पाहिले आणि ऐकले, तेच तुम्हांला सांगतो.

कारखान्यात पत्रा वाकवून माझे अंग घडवले आणि पाठीवर काळ्या नळ्यांची जाळी बसवली. टेम्पोतून मला आणले तेव्हा गल्लीतली पोरे मागे पळत आली होती. कुतुबुद्दीनची बायको रशिदा हिने मला ओल्या फडक्याने पुसले आणि सगळ्यांत आधी आत दह्याचे भांडे ठेवले. त्यांची मुलगी जोया तेव्हा रांगत होती. माझ्या खालच्या कांद्याच्या खणाला धरून ती उभी राहायला शिकली.

त्या काळी माझे भारी कौतुक होते. रमजानमध्ये अर्ध्या गल्लीच्या सरबताचा बर्फ माझ्याकडे व्हायचा. शेजारच्या तानाबाई दुधाची पिशवी ठेवायला यायच्या आणि गप्पा मारत बसायच्या.

कुतुबुद्दीनचे बांगड्यांचे दुकान होते. पेठेतल्या बायका म्हणत, याच्या हातून बांगडी भरताना कळतसुद्धा नाही. पण एका सकाळी रशिदाचा हात मनगटापासून फुगू लागला. बांगड्या कातडीत रुतल्या. ज्याने सगळ्या पेठेला बांगड्या भरल्या, त्याला स्वतःच्या बायकोच्या बांगड्या पकडीने तोडाव्या लागल्या. जोयाने माझ्यातला बर्फ फडक्यात बांधून दिला. बर्फ वितळून गेला, सूज तशीच राहिली. दोन दिवसांनी ती आपोआप उतरली.

मग हे वरचेवर होऊ लागले. कधी पाय, कधी ओठ, कधी डोळे. पोटाच्या आत सूज आली की रशिदा ओट्याखाली गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि उलट्या करायची. एकदा तर अपेंडिक्स समजून तिचे पोट कापले. आत अपेंडिक्स चांगले निघाले. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले वांगे बाधते. तिचे वांगे बंद झाले, मासे बंद झाले, अंडी बंद झाली. सूज काही बंद झाली नाही.

रशिदाचा भाऊ कामिल जयसिंगपूरला राहायचा. त्याने दुखरी दाढ काढून घेतली. दुसऱ्या दिवशी त्याचा घसा आतून सुजला. ॲलर्जीची इंजेक्शने दिली, पण त्यांचा काही उपयोग झाला नाही. कामिल गेला. रशिदा माझ्या दाराला टेकून बसली आणि म्हणाली, "अब्बा बी असंच गेलते. असाच गळा धरून."

हे वाक्य कुतुबुद्दीनने रशिदाला तपासणाऱ्या डॉक्टर पूर्णिमांना जाऊन सांगितले. त्यांनी रशिदाचे रक्त मुंबईला तपासायला पाठवले. मित्रांनो, आपल्या रक्तात सूज आवरणारे एक प्रथिन असते. रशिदाच्या घराण्यात ते जन्मतःच कमी होते. ना नजर, ना वांगे. घराण्याचे नाक यावे, तसा हा आजार तिला वडिलांकडून आला होता.

त्या प्रथिनाचेच औषध मिळते. लोकांनी दान केलेल्या रक्तापासून ते करतात. डॉक्टर पूर्णिमांनी खूप पत्रव्यवहार केला, तेव्हा एका परदेशी संस्थेने रशिदाच्या नावाने ते पाठवायला सुरुवात केली. छोट्या काचेच्या बाटल्या आल्या, आत पांढरी भुकटी. त्यांच्यासाठी माझा वरचा कप्पा रिकामा झाला. तानाबाईंची दुधाची पिशवी खाली गेली. उन्हाळ्यात वीज गेली की कुतुबुद्दीन दुकान सोडून धावत यायचा आणि माझ्या अंगाला हात लावून बघायचा. एवढी माया माझ्यावर पुन्हा कुणी केली नाही.

आठवड्यातून दोनदा इंजेक्शन द्यायचे, तेही शिरेत. ते द्यायला कुतुबुद्दीन शिकला. बाटलीत सोबत आलेले पाणी सोडून ती तळहातांत हलकेच फिरवायची, हिसडायची नाही. मग रशिदाचा हात मांडीवर घेऊन तो शीर शोधायचा, आणि सुई जाताना रशिदा खरेच म्हणायची, "गेली व्हय? कळली न्हाय की."

ती काही वर्षे या घरातली सुखाची होती. रशिदाने मासे तळले. लग्नांना गेली. भावाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदाच जयसिंगपूरला जाऊन आली. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या वाजू लागल्या.

जोया अकरावीत गेली त्या वर्षी एका सकाळी ती दात घासून आली, तेव्हा तिचा वरचा ओठ सुजला होता. रशिदाच्या हातातून चहाची किटली खाली पडली.  रक्त तपासले, तेच निघाले. डॉक्टर पूर्णिमांनी संस्थेला लिहिले. उत्तर आले की आता नवी नावे घेत नाहीत.

त्या दुपारी जोया कॉलेजात होती. कुतुबुद्दीनने बाटली काढली, पण रशिदाने हात पुढे केला नाही.

"ही पोरीला द्या," ती म्हणाली.

"आणि तुला?"

"मी निम्मं आयुष्य सुजूनच काढलंय की. मला सवय हाय. तिला न्हाय."

"रशिदा, कामिलचं काय झालं इसरलीस व्हय?"

"त्याच्यासाठीच म्हणते. तिला तसं व्हायला नगं."

कुतुबुद्दीन बाटली धरून उभा होता. दार उघडेच होते, माझा गारवा बाहेर जात होता. शेवटी त्याने ती बाटली पोरीसाठी परत कप्प्यात ठेवली. जोयाला सांगितले, तुझे औषध वेगळे मंजूर झाले. डॉक्टरांना काहीच सांगितले नाही.

जोया बरी राहू लागली. रशिदाची दुखणी परत आली. पोट दुखले की ती तानाबाईंकडे जाऊन पडायची, लेकीला दिसू नये म्हणून. पण एका घरात किती लपणार? एके दिवशी ओट्याशी भांडी घासणाऱ्या आईच्या बाह्या जोयाने वर सारल्या. सुईचा एकही ताजा डाग तिथे नव्हता.

"तुझं औषध कुठं हाय, अम्मी?"

रशिदा भांडी घासत राहिली.

"मी विचारतेय! मला काय टोचताय तुम्ही? तुझं काढून मला?"

"ओरडू नगंस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!" जोया रडत म्हणाली. "मी घेणारच न्हाय आता. पडू देत ते फ्रिजात."

खरेच तिने हात पुढे करायचे सोडले. आठवडाभर दोघींनीही औषध घेतले नाही. बाटल्या माझ्यात तशाच बसून राहिल्या आणि बाहेर मायलेकी दोघी सुजल्या. शेवटी कुतुबुद्दीनने निवाडा केला. एकदा आईने घ्यायचे, एकदा लेकीने. दोघीही कबूल झाल्या. पण ते औषध एका माणसापुरते होते. अर्धे अर्धे वाटल्यावर ते कुणालाच धड पुरेना.

बारावीची प्रात्यक्षिके सुरू झाली. परीक्षेच्या काळजीने जोयाच्या बोटांना सूज आली, परीक्षानळी धरता येईना. त्या दिवशी औषधाची पाळी रशिदाची होती. "आज तू घे," रशिदा म्हणाली. "मी ठणठणीत हाय. पुढच्या दोन पाळ्या माझ्या." जोयाला परीक्षा बुडवायची नव्हती. तिने हात पुढे केला.

प्रात्यक्षिके संपली त्याच्या दुसऱ्या सकाळी कुतुबुद्दीन माल घेऊन जयसिंगपूरच्या बाजाराला गेला होता. रशिदाची पुढची पाळी अजून आली नव्हती. रशिदाने चहा गाळला आणि जोयाला हाक मारली. आवाज तिचा नव्हताच, घोगरा आणि जाड होता. हातही सुजलेले होते. जोयाने माझे दार उघडले, बाटली घेतली, पाणी सोडले, तळहातांत फिरवली आणि सिरिंज भरली. वडिलांना करताना तिने पाहिले होते.

"अम्मी, मूठ वळ."

"वळंना गं."

सुजलेल्या हातात शीर लपून गेली होती. जोयाने इकडे टोचले, तिकडे टोचले. रशिदा तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि मोठ्याने श्वास ओढत होती. तानाबाईंनी गल्लीतली रिक्षा दाराशी आणली. भरलेली सिरिंज मुठीत घेऊन जोया आईबरोबर गेली.

दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत रशिदाचा श्वास थांबला होता. सिरिंज भरलेलीच होती.

चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाच्या प्रार्थनेनंतर डॉक्टर पूर्णिमा घरी आल्या आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. तोवर त्यांना सगळे कळले होते.

"मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारले.

"सांगितलं असतं तर तुमाला न्हाय म्हणावं लागलं असतं की, मॅडम," कुतुबुद्दीन म्हणाला.

 डॉक्टर म्हणाल्या, "औषध रशिदाच्या नावावर येत होतं. आता ते बंद झालंय. जोयासाठी मी परत लिहिलंय."

"येईल काय?"

"मला नाही वाटत."

त्यांनी जोयाला गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा कधी गुण येतो, कधी येत नाही. जोया पास झाली, पण पुढे शिकायला गेली नाही. ती वडिलांच्या दुकानात बसते. चेहरा सुजला की ओढणी घेऊन गल्ल्याच्या मागे सरकते. एकदा दोन शाळकरी मुली तिच्याकडे बघून खिदळल्या. हे तिने घरी येऊन भांडी घासताना सहज सांगितले, जणू दुसऱ्याच कुणाचे.

मित्रांनो, माझी तुम्हांला विनंती आहे. कुणाचे ओठ, कुणाचा चेहरा सुजलेला दिसला तर हसू नका. आधी विचारा, श्वास नीट येतो ना? आवाज बदलला असेल तर मोठ्या माणसाला हाक मारा, लगेच मारा. आणि तुमच्या घरात कुणी औषधावर जगत असेल, तर ते आहे की संपले, हे विचारायला लाजू नका.

मी आता म्हातारा झालो आहे. माझा आवाज वाढला आहे, थंडी कमी झाली आहे. नवा फ्रिज घेण्याचे बोलणे एकदा निघाले आणि थांबले. वरच्या कप्प्यात एकच बाटली उरली आहे. "ही ठेवा, घसा सुजला तर लागंल," असे जोयाने सांगितले होते, म्हणून ती ठेवली आहे. तिच्यावरची तारीख मात्र केव्हाच उलटून गेली. कुतुबुद्दीनने एका सकाळी दार उघडून ती वाचली. त्याच दिवशी संध्याकाळी जोयानेही वाचली. दोघांनी एकमेकांना काहीच सांगितलेले नाही.