किनारीतलं अंतर

कैरवानच्या गालिचाबाजारात, तिजानीच्या दुकानाच्या उंबऱ्यावर मन्नूबिया मावशीने बैठक मारली. "मोज बाई," ती सोबत आलेल्या रिहाबला म्हणाली. "माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिला नाही."

खरंच राहिला नव्हता. बापाच्या मनाविरुद्ध लग्न करून धाकटी बहीण सलूहा घर सोडून गेली, त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून दिसेल तो गालिचा मावशीला बहिणीच्याच हातचा वाटायचा. दोनदा ती परगावी धावली आणि दोनदा परक्या बायकांच्या दारातून तोंड पाडून परतली. तिजानीच्या भिंतीवरचा हाही गालिचा परका निघाला तर शोध बंद, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

शेजारची रिहाब संगणकाच्या कंपनीत कामाला. मावशीच्या आईने दोघी लेकींना तोंडी शिकवलेल्या किनारीतल्या बावन्न खुणा तिने मावशीने स्वतः विणलेल्या गालिच्यावरून ओळीने टिपल्या होत्या. आता भिंतीवरच्या गालिच्यावरच्याही तिने वरून खाली टिपल्या. एक ओळ हुबेहूब दुसरीसारखी करायला किती खुणा बदलाव्या, घालाव्या, गाळाव्या लागतील, तेवढं त्या दोन ओळींमधलं अंतर. ते तिचा प्रोग्राम काढणार होता.

"अडतीस," रिहाब हळूच म्हणाली. "मावशी, एवढं तर कुठल्याही दोन अनोळखी बायकांत निघेल."

"बरं झालं, सुटले," मावशी म्हणाली. कसली सुटतेय? उठता उठता तिने गालिच्यावरून वरून खाली हात फिरवला. लोकर खरखरत हाताला आडवी आली.

"तिजानी, मेल्या, उलटा टांगलायस हा."

"उजेडात रंग खुलतो इकडून. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"आणि तू गं, शिकलेली? विणणारी खालून वर जाते, लोकर सुरुवातीकडे झुकते. माझा सुरुवातीपासून वाचलास आणि हा शेवटापासून."

रिहाबचा चेहरा पडला. तिने ओळ उलटी केली आणि प्रोग्रामला पुन्हा मोजायला लावलं.

"तीन," ती म्हणाली. "मावशी, फक्त तीन."

विणणारीचा पत्ता व्यापारी कुणाला देत नाहीत. तिजानीनेही दिला नाही, पण नंबर लावून फोन मावशीच्या हातात ठेवला.

"कोण बोलतंय?" पलीकडून बाईचा आवाज आला. मावशीच्या तोंडून नाव फुटेना. ती आपली किनारच म्हणू लागली, आई म्हणायची तशी. "चौकट, कंगवा, चौकट, विंचू..."

पाचव्या खुणेपासून पलीकडचा आवाज सोबत म्हणू लागला. अकराव्या खुणेला मावशी म्हणाली "कंगवा", आणि पलीकडून आलं "मासा".

"कंगवा गं. आईने कंगवाच शिकवला."

"मासा. तुझं लक्ष कधी होतं शिकताना?"

मावशीचे डोळे घळाघळा वाहत होते.

"मासा तर मासा," ती म्हणाली. "घरी ये आणि विणून दाखव."