लाल रेघेच्या वर

सलग तिसरा सुट्टीचा दिवस होता, आणि मोजणीबाईंच्या पायांत आता जीव उरला नव्हता. सकाळी नऊपासून त्या फाटकाशी उभ्या होत्या. दुपारचा डबा त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला होता, तोही अर्धा. उरलेला अर्धा पिशवीत तसाच गार होत पडला होता.

मोजणीबाई हे नाव पार्कातल्या पोरांनीच पाडलेलं. 'वावटळ' नावाच्या झुल्याच्या फाटकाशी गेली अकरा वर्षं त्या लहान मुलांची उंची मोजत होत्या. झुला म्हणायचा आपला, खरं तर ती रुळांवरून धावणारी गाडी. चढ चढताना कुरकुरायची, टोकाला पोचली की क्षणभर थांबल्यासारखी वाटायची आणि मग एकदम खाली. मधे एक अंधारा बोगदा. सगळं मिळून सव्वादोन मिनिटांचा खेळ. फाटकाशी लाकडी पट्टी ठोकलेली होती, तिच्यावर एकशेवीस सेंटीमीटरला लाल रेघ. डोकं रेघेच्या वर गेलं तर आत, खाली राहिलं तर घरी.

काम एवढंच. पण हे एवढंसं काम माणसाचा जीव काढतं. आईबाप काय काय करून यायचे! कुणी बुटांत कागदाचे बोळे कोंबायचे, कुणी पोरीच्या डोक्यावर उंच अंबाडा बांधून आणायचे. एका आजोबांनी तर नातवाला मागून पॅन्टला धरून बोटभर उचलला होता. बाई सगळं ओळखायच्या. अंबाडा तळहाताने दाबायच्या, बूट काढायला लावायच्या, आणि "पुढच्या वर्षी या हं" असं म्हणायच्या. पोरं भोकाड पसरायची, आईबाप फुरंगटायचे, रांग पुढे सरकायची.

त्यांना खरा त्रास व्हायचा तो रेघेच्या वर असलेल्या मुलांचा. अंगाने ताडमाड वाढलेलं, पण आतून अजून इवलंसं असलेलं पोर समोर आलं की त्यांना फाटक उघडणं जड जायचं. मागच्या उन्हाळ्यात असाच एक मुलगा आला होता. उंची अगदी नियमात. बापाने हौसेने बसवला, मोबाईल काढून शेजारी बसला. गाडी परत आली तेव्हा मुलगा रडत नव्हता, बोलत नव्हता, त्याला उठताही येत नव्हतं. सीट ओली झाली होती. बाप हसत हसत व्हिडिओ दाखवत होता. सीट पुसताना बाईंनी ठरवलं, की हे आपल्या हातून पुन्हा होऊ द्यायचं नाही.

तेव्हापासून त्या पट्टीकडे कमी आणि मुलांच्या डोळ्यांकडे जास्त बघू लागल्या. त्यांचा आपला एक आडाखा होता. ज्याला बसायचं असतं ते पोर गाडीकडे बघतं. ज्याला नको असतं ते बापाच्या तोंडाकडे बघतं. अशी मुलं त्या हळूच बाजूला काढायच्या. "एक बोट कमी आहे," असं सांगितलं की झालं. पोराची लाज वाचायची आणि बापही पट्टीशी भांडायला जायचा नाही. खोटं होतं, पण कुणाचं नुकसान करणारं नव्हतं, असं त्यांना वाटायचं.

चारच्या सुमाराला रांगेत त्यांना धाकटा भाऊ दिसला. बरोबर त्याची लेक. येणार असल्याचं त्याने कळवलं नव्हतं.

भावाचं आणि त्याच्या बायकोचं दोन वर्षांपूर्वी बिनसलं. मुलगी आईकडे राहायची आणि एक रविवार सोडून एक रविवार बापाकडे यायची. वेळेआधी जन्मली, मुठीएवढी होती, म्हणून बाईंनीच तिचं नाव बुटकी ठेवलं होतं. आता ती सात वर्षांची होती आणि तिच्या वर्गात तिच्याहून उंच एकच मुलगी होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

"ताई, आज मुहूर्त लागला बघ," भाऊ म्हणाला. "एकशेवीस झाली की वावटळीत बसवीन म्हणालो होतो. काल दाराच्या चौकटीला लावून मोजली. एकशेएकवीस भरली."

तो हसत होता, पण कपाळावर घाम होता. बुटकीने त्याच्या हाताची दोन बोटं घट्ट धरली होती. ओठ मिटलेले. मागे गाडी धडधडत खाली आली, लोक किंचाळले, पण तिने मान वळवली नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत होती. एकटक.

बाईंनी तिला पट्टीशी उभी केली. डोकं रेघेच्या वर होतं, चांगलं दिसण्याइतकं वर. बाईंनी तळहात डोक्यावर ठेवला, जरा जास्तच दाबला.

"एक बोट कमी आहे," त्या म्हणाल्या.

"कमी कशी असेल?" भाऊ म्हणाला. "मी दोनदा मोजली."

"तुझी चौकट वाकडी असेल."

"ताई, उगाच काहीतरी बोलू नकोस. परत मोज."

"मागे रांग आहे. जा तिला चक्रातल्या घोड्यांवर घेऊन."

"घोड्यांवर तीन वर्षांची पोरं बसतात," भावाचा आवाज चढला. "महिनाभर तिने दिवस मोजलेत. आईला सांगून आलीये, बाबा मला वावटळीत बसवणार म्हणून. आता काय तोंडाने परत पाठवू तिला?"

रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, मुलगी तर दिसतेय उंच. आवाज ऐकून सुपरवायझर आला. तो बाईंच्या निम्म्या वयाचा, कामाला चोख आणि बोलायला मऊ मुलगा होता. त्याने काही न विचारता बुटकीला पट्टीशी उभी केली आणि खाली वाकून, डोळा बारीक करून पाहिलं. मग सरळ झाला.

"एकशेएकवीस," तो म्हणाला. "मावशी, जरा इकडे या."

गाडीची बटणं दाबणाऱ्या पॅनेलवाल्याला फाटक सांभाळायला सांगून तो बाईंना बाजूला घेऊन गेला.

"मुलगी तुमच्या नात्यातली आहे?"

"भाची आहे. भावाची मुलगी."

"मग तर आणखीच वाईट. आधीही दोन तक्रारी आल्यात माझ्याकडे, उंची असून परत पाठवल्याच्या. मला वाटलं लोकांचीच चूक असेल. तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती."

"साहेब, मुलं घाबरलेली असतात."

"असतील. पण ते आपण कसं ठरवायचं? उद्या कुणी विचारलं, कोणत्या नियमाने परत पाठवलं, तर मी काय सांगू? मोजणीबाईंना तसं वाटलं म्हणून?"

  त्याने त्यांना पंधरा मिनिटं बसून यायला सांगितलं. सांगितलं ते मायेने की शिक्षा म्हणून, हे त्यांना कळलं नाही. पायांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं.

झुल्याच्या मागच्या कुंपणाजवळ बाक होता. तिघं तिथे जाऊन बसली, बुटकी मधे. बाईंनी चपला काढल्या आणि पाय जमिनीवर मोकळे सोडले.

"आत्या, तू खोटं का बोललीस?" बुटकीने विचारलं. रागाने नाही, वहीत लिहून घ्यायचं असल्यासारखं.

"तुला बसायचं नव्हतं ना, म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"तू गाडीकडे बघतच नव्हतीस. बाबाकडे बघत होतीस सारखी."

"बाबांचा हात ओला झाला होता," बुटकी म्हणाली. "आणि ते थुंकी गिळत होते. मी बघत होते, ते आता नको म्हणतात की काय."

बाईंनी भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. लहानपणी हा गच्चीच्या कठड्याजवळ यायचा नाही, वाळत घातलेले कपडे काढायला बाईंनाच पाठवायचा. हे त्यांना आता आठवलं, आणि इतकी वर्षं आपण ते कसं विसरलो, याचं नवल वाटलं.

"तू बसणार होतास?" त्यांनी विचारलं.

"डोळे मिटून घेतले असते," भाऊ म्हणाला. "सव्वादोन मिनिटं तर आहेत." मग म्हणाला, "तिला तिकडे सगळं मिळतं, ताई. माझ्याकडे आली की आपलं जेवण, टीव्ही आणि झोप. एक तरी गोष्ट माझ्याबरोबर केलेली असावी म्हटलं."

बाईंचा इतका भरवशाचा आडाखा आज मुळासकट उपटून हातात आला होता. आजवर किती पोरांना आपण घाबरट ठरवून घरी पाठवलं असेल, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यांनी तो मोठ्या कष्टाने बाजूला सारला. एका बैठकीत सोसवेल असा तो नव्हता.

"बरं, तू सांग," त्या बुटकीला म्हणाल्या. "तुला बसायचंय की नाही?"

बुटकीने बराच विचार केला. "थोडं बसायचंय," ती म्हणाली. "थोडं नाही."

थोडं हो आणि थोडं नाही, याची रेघ कुठल्याच पट्टीवर नव्हती.

"मग बघत बसू," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

तिघं बघत बसली. गाडी चार वेळा गेली आणि चार वेळा आली. बुटकी आता गाडीकडेच बघत होती, आणि त्याहून जास्त उतरणाऱ्या माणसांकडे. एक बाई हसत आली आणि मग रेलिंगला धरून उभी राहिली. एक जाडजूड गृहस्थ उतरला तो थेट कचऱ्याच्या डब्याकडे गेला. दोन मुली पळत परत रांगेत उभ्या राहिल्या. पाचवी गाडी सुटली तेव्हा बुटकी उठली, फ्रॉक झटकला.

"मी जाते," ती म्हणाली. "एकटी. बाबा, तुम्ही खालीच थांबा."

"मी येतो ना," भाऊ म्हणाला.

"तुम्ही आलात तर मला तुमच्याकडे बघत बसावं लागेल."

भाऊ उठून रेलिंगपाशी जाऊन उभा राहिला.

एकशेवीसच्या वरच्यांना एकटं बसायची परवानगी होती. पंधरा मिनिटं संपली होती. बाई चपला घालून फाटकाशी गेल्या, आणि या वेळी मोजणी न करताच तिला आत घेतलं. दुसऱ्या डब्यात एकटी बसलेली एक कॉलेजातली मुलगी होती, तिच्या शेजारी तिला बसवलं. दांडा खाली ओढला, दोनदा हलवून पाहिला, मग तिसऱ्यांदा.

"जरा हात धराल का हिचा?" त्या मुलीला म्हणाल्या.

"नको," बुटकी म्हणाली आणि दोन्ही हातांनी दांडा धरला. बोटांची पेरं पांढरी झाली होती.

पॅनेलवाल्याने बटण दाबलं. गाडी कुरकुरत चढायला लागली. अकरा वर्षांत बाईंनी तो आवाज दिवसातून शंभर वेळा ऐकला होता, आणि कधी ऐकू आला नव्हता. आज चढावरच्या साखळीचा एक एक दात मोजता येईल असा तो कानांत येत होता. भाऊ रेलिंगपाशी गाडीकडे पाठ करून उभा होता. "टोकाला गेली की सांग," तो म्हणाला. बाईंनी सांगितलं नाही. त्यांनीही डोळे मिटले होते.

किंचाळ्या आल्या, गेल्या, बोगद्यात बुडाल्या, पुन्हा वर आल्या. त्यांतली बुटकीची कोणती, हे दोघांनाही ओळखता आलं नाही.

गाडी थांबली. बुटकीने दांडा वर जाण्याची वाट पाहिली, मग उतरली. दोन पावलं वाकडी पडली, तिसरं सरळ. चेहरा पांढरा, केस कपाळावर. ती रडली नव्हती. हसतही नव्हती.

"पाणी," ती म्हणाली.

बाईंनी बाटली दिली. ती अर्धी बाटली प्यायली.

"कसं वाटलं?" भावाने विचारलं. त्याचा आवाज तिच्याहून जास्त कापत होता.

"पोटात कसंतरी झालं. बोगद्यात खूप भीती वाटली."

"आवडलं नाही?"

"आवडलं."

"परत बसायचंय?"

"नाही," बुटकी म्हणाली. "आता घोड्यांवर जाऊ या?"

भाऊ तिला घेऊन घोड्यांवर गेला. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. पाचच्या सुमाराला सुपरवायझर कागद घेऊन आला. लेखी समज होती. उद्यापासून त्यांची बदली घोड्यांच्या चक्रावर होणार होती, तिथे उंचीची अट नव्हती. बाईंनी सही केली. तिथे बसायला स्टूल असतं, हा पहिला विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

"वाईट वाटून घेऊ नका मावशी," तो म्हणाला.

"नाही," त्या म्हणाल्या. "पेन घ्या तुमचं."

उन्हं उतरली तेव्हा भाऊ निघाला. बुटकी त्याच्या खांद्यावर झोपली होती. उचलून न्यायच्या मापाची ती आता राहिली नव्हती. पाय त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते आणि तो दर दहा पावलांवर थांबून तिला वर सरकवत होता. त्याने लांबूनच मान हलवली. हात मोकळा नव्हता. मुख्य दरवाजाजवळच्या गर्दीत तो दिसेनासा होईपर्यंत बाई बघत राहिल्या. मग रांगेतलं कुणीतरी खाकरलं, तशा त्या वळल्या आणि पुढच्या मुलाला बूट काढायला सांगितलं.