होडी अजून पाण्यात आहे

मी होडी आहे, पण खरं पाणी मी कधी पाहिलं नाही. अंगठ्याएवढी आहे मी, पत्र्याची. माझा समुद्र कापडी नकाशावरचा. तो शाळेच्या एका वर्गात भिंतीवर टांगलेला आहे. माझ्या पाठीला एक टाचणी जोडली आहे आणि तिच्या जोरावर मी सगळं जग फिरले.

माझा जन्म गॅरेजमध्ये झाला. गाड्यांचे पोचे काढणाऱ्या एका पोरसवदा माणसाने मला ऑइलच्या रिकाम्या डब्यातून कापलं. शाळा त्याने लवकर सोडली होती. त्याची थोरली बहीण मात्र शाळेत इंग्रजी शिकवायची. एका दुपारी ती त्याचा डबा घेऊन आली.

"वेडोबा, मला एक होडी करून दे. एवढीशी."

"या वयात होड्यांशी खेळणार का, ताई?"

"हो. चाळीस पोरांना घेऊन."

तो हसला, पण हातातलं काम टाकून लगेच बसला. मला कापलं, स्कूटरच्या मडगार्डचा उरलेला लाल रंग दिला. मग कानस घेऊन माझ्या कडा घासत राहिला. "बास की," ताई म्हणाली. "पोरांचे हात आहेत," तो म्हणाला आणि अजून घासत बसला.

वर्गात ताईच्या बाई झाल्या. मला टोचून त्यांनी नियम सांगितला. होडी पाण्यात असेल तोवर फक्त इंग्रजी. होडी किनाऱ्याला लागली की घरच्या भाषेत काय हवं ते बोला. कुणाला शब्द सापडला नाही तर सगळ्यांनी थांबायचं. हसायचं नाही. आणि जो मला किनाऱ्याला लावेल त्याने तिथून काय आणलं ते इंग्रजीत सांगायचं.

आम्ही खूप हिंडलो. बाई आधी नकाशावर देश दाखवायच्या, मग तिथली माणसं कशी राहतात ते सांगायच्या आणि मग तिथली जुनी गोष्ट. वाळवंटातल्या गोष्टीत विहीर का येते, बर्फाच्या देशातल्या गोष्टीत सगळे शेकोटीभोवती का बसतात, हे पोरांना नकाशावरूनच कळायचं. "गोष्ट कळली की शब्द मागून चालत येतात," असं बाई म्हणायच्या. आणि यायचे. वाळवंटातून परतताना शेवटच्या बाकावरच्या मुलाने मला किनाऱ्याला लावलं, बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला आणि म्हणाला, "आय ब्रिंग वॉटर." बाईंनी त्याला खरोखरच ग्लासभर पाणी दिलं.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे रेडिओ म्हणायचे. मी पाण्यात असले की ती ओठ घट्ट मिटून बसायची आणि किनारा लागला की तासभराचं साठलेलं एका दमात बोलून टाकायची.

एका शुक्रवारी आम्ही मोठ्या समुद्रात होतो. गोष्ट एका बेटावरच्या घड्याळजीची होती. घंटा झाली. बाईंनी माझ्यावर बोट ठेवलं, म्हणाल्या, "मंडे, लँड."

सोमवारी बाई आल्या नाहीत. ताप साधाच वाटला होता. कुणालाच कळलं नाही. मला तर काय कळणार, मी आपली समुद्रात टांगलेली. गुरुवारी त्या गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांचा भाऊ शाळेत आला. बाईंची छत्री, चष्म्याचं घर आणि डबा एका पिशवीत घालून त्याच्या हातात दिला. वर्गाच्या दारातून त्याला मी दिसले. तो तडक आत आला, पोरांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ही मी केलीय," एवढंच म्हणाला आणि मला ओढलं. टाचणी घट्ट होती. कापड फाटलं. समुद्राला भोक पडलं.

गॅरेजमध्ये त्याने मला खिळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. तो जेवायचा नाही. ताईचा डबा घासून पुसून तसाच रिकामा समोर ठेवायचा. गॅरेजचे मिस्त्री म्हणायचे, "अरे, पोटात काहीतरी घाल." तो पत्र्यावर हातोडा आणखी जोरात हाणायचा. जिथे पोचा नव्हता तिथेही हाणायचा. एकदा त्याने रागाने मला भंगारात भिरकावलं आणि दुसऱ्याच क्षणी दोन्ही हातांनी भंगार उपसायला लागला. त्याचं बोट कापलं. पण ते माझ्यामुळे नाही. माझ्या कडा त्यानेच घासल्या होत्या.

मग एके दिवशी शाळेला जाताना वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून रेडिओ आली. स्कूटरचा ब्रेक लागत नव्हता. तिला मी दिसले.

"मामा, ती आमची होडी आहे."

"कोण मामा?" तो खेकसला.

"बाईंचे भाऊ ना तुम्ही? मग मामाच."

"माझी आहे ती. मी केलीय."

"केली तुम्ही. पण तिच्यात आम्ही बसलोय."

"अगं, काय बोलतेस मोठ्यांशी!" वडील म्हणाले. पण रेडिओ सुरू झाली होती. तिने सांगितलं, नवीन सर चांगले आहेत. ते म्हणतात, बोला, कुठल्याही भाषेत बोला, मनात असेल ते बोला. पण कसं बोलणार? बाई म्हणाल्या होत्या, होडी पाण्यात आहे तोवर फक्त इंग्रजी. आणि त्या गेल्या तेव्हा होडी पाण्यातच होती. त्या तासाला सगळा वर्ग गप्प बसतो. कुणी रडतही नाही.

"बाईंबद्दल बोलण्याएवढं इंग्रजी आम्हाला अजून येत नाही, मामा."

त्याने स्कूटरचा ब्रेक नीट केला, हात पुसले आणि मला खिशात टाकलं. तेवढ्यावर थांबला नाही. तसाच, काळ्या डागांच्या कपड्यांत, तिच्याबरोबर शाळेत गेला.

सर खुर्चीवरून उठले आणि बाजूला झाले. त्याने मला त्या भोकाच्या काठाला टोचलं. मग त्याला पुढचं कळेना. जग केवढं मोठं असतं हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"लेफ्ट," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याचा हात सरळ डावीकडे गेला. गॅरेजमध्ये गाड्या मागे घेताना हे शब्द त्याने रोज ऐकलेले. मग सगळा वर्ग बोलायला लागला. "स्लो, मामा. लिटिल राइट. कम, कम, कम." टाचणी काढत, टोचत, त्याने मला हळूहळू बेटाजवळ आणलं.

"स्टॉप!"

मी किनाऱ्याला लागले. आता नियमाप्रमाणे त्याने बोलायचं होतं. तो गोंधळला. रेडिओने हळूच सांगितलं, "यू से, आय ब्रिंग."

"आय ब्रिंग..." तो म्हणाला. त्याने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. पोरं थांबली. बाईंनी शिकवलं होतं तशी, कुणीही न हसता, थांबून राहिली.

"आय ब्रिंग... नो ताई."

कुणी चूक काढली नाही.

रेडिओ उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि आपल्या भाषेत एवढंच म्हणाली, "बाई गेल्या."

मग अख्खा वर्ग रडला. रडता रडता बोलायला लागला. "बाईंनी माझी वेणी घातली होती." "मला त्या ओरडल्या होत्या आणि मग बोर दिलं होतं." "माझं अक्षर त्यांना आवडायचं." भाऊ पहिल्या बाकावर बसला. त्याचे गुडघे बाकात मावत नव्हते. "मलाही ओरडायची," तो म्हणाला, "कानस जागेवर ठेवत नाही म्हणून." पोरं हसली. तो मात्र बाकावर डोकं टेकून रडला, लहान मुलासारखा, आणि कुणीतरी त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

आता समुद्राच्या भोकाला मागून चिकटपट्टी लावली आहे. मी अजून त्याच बेटाला लागलेली आहे. सर दर सोमवारी विचारतात, "निघायचं का?" पोरं म्हणतात, "आज नको, सर." सर बरं म्हणतात.

पण निघावं लागेल हे मला ठाऊक आहे. घड्याळजीची गोष्ट अर्धी आहे, आणि पलीकडे कितीतरी देश आहेत जिथलं बाईंनी काहीच सांगितलं नाही. माझं एवढंच मागणं आहे. ज्या दिवशी पोरं हो म्हणतील, त्या दिवशी कुणीतरी धावत गॅरेजात जा. मिस्त्रींना सांगा, त्याला तासभर सोडा. मला पाण्यात त्यानेच ढकलायला हवं. आणि त्याला म्हणावं, येताना ताईच्या डब्यात काहीतरी घालून आण. रिकामा डबा घेऊन प्रवासाला निघू नये.