ट्रकतळावरची तपासणी

ट्रकतळाच्या फाटकाशी संशोधनाची पांढरी गाडी उभी राहू लागली, तेव्हा ड्रायव्हर लोक तिच्याकडे पाठ करून टायर ठोकत बसायचे. महिनोन् महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसांत लैंगिक आजार कितपत पसरलेत, याचा अभ्यास चालला होता. गाडीतल्या सिस्टर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "नाव नको, गाव नको, थेंबभर रक्त द्या."

शेवटी एकदाचा पैलवान चढला. सगळा तळ त्याला याच नावाने ओळखायचा. सुई दिसताच त्याने डोळे घट्ट मिटले.

"सांगून टोचा हं, बाई."

"झालं टोचून."

बाहेर हशा पिकला आणि त्या भरात आणखी तिघेचौघे आत आले.

थोड्या वेळाने सिस्टरांनी त्याला एकट्याला परत आत बोलावलं. पैलवानाला सिफिलिस निघाला होता. लोक ज्याला गरमी म्हणतात, तो.

"पण मला तर काहीच होत नाही!"

"हा आजार असाच दबा धरून बसतो. इंजेक्शनांनी बरा होतो. पण बायकोलाही तपासायला हवं."

पैलवानाचा चेहरा उतरला. "ती पोटुशी आहे."

"मग उद्याच आणा. बाळाला वाचवता येईल."

"तिला सांगा ना, रक्त कमी आहे म्हणून."

"खोटं मी सांगणार नाही. झालं ते तुम्ही सांगा, आजाराचं मी समजावते."

दुसऱ्या दिवशी बायको पुढे आणि पैलवान मान खाली घालून मागे, अशी वरात आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज खणखणीत होता.

"ह्यांच्याकडे मी घरी बघते. आधी बाळाचं बोला."

तिलाही लागण झाली होती. दोघांची इंजेक्शनं सुरू झाली. वाटेत ती त्याच्याशी चकार शब्द बोलत नसे. तरी लांबची फेरी सोडून तो तिला दर आठवड्याला आणायचा आणि बाहेर उभा राहायचा.

एकदा तिने सिस्टरांना विचारलं, "इथे पुरुषांचंच रक्त का घेता? आजार काय आम्हाला विचारून घरात शिरतो?"

सिस्टरांना ते पटलं. त्यांनी अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरबाईंकडे पाठपुरावा केला. परवानगी यायला वेळ लागला, पण बायकांचीही तपासणी सुरू झाली. पहिल्या दिवशी ती शेजारणींना घेऊनच हजर. "लाजता कशाला गं? लाजायचं ते ह्यांनी!"

मुलगी झाली. डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. आजाराचा मागमूस नव्हता. ते ऐकून पैलवान दवाखान्याच्या जिन्यातच बसून हमसून हमसून रडला. बायकोने त्याला रडू दिलं. मग शेजारी जाऊन बसली.

सिस्टर बाळाला बघायला घरी गेल्या. बायकोने लेक त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "पुरतं माफ केलेलं नाही हं अजून."

आतून कपबशा वाजल्या.

"चहा त्यांनीच टाकलाय. उकळून काढा झाला असेल, पण प्या हं."