न्हाई दुखत

"बाबा, दुखतंय का?" पंकजा सिस्टरने विचारलं.

"न्हाई, ताई. लई ब्येस हाय."

परवाच सहादेवची बायपास झाली होती. छातीचं हाड कापून तारेने शिवलेलं, आणि हा म्हणे बेस! नगरच्या त्या दवाखान्यात आता अफूच्या जातीचं इंजेक्शन उठसूट देत नसत. त्याने माणूस गुंगतो, श्वास मंदावतो. साध्या गोळ्या द्यायच्या, छातीशी उशी धरून खोकायला लावायचं, आणि तरीही सोसेना तर पेशंटने सांगायचं. पद्धत चांगलीच होती, पण तिच्यात पेशंटने तोंड उघडायला हवं.

सहादेव पाथर्डीकडचा ऊसतोड्या. या कामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दुखणं सांगितलं की मुकादम पुढच्या साली दुसरी जोडी बघतो. जन्मभर त्याने तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. बायकोला, राहीबाईला, त्याचंच कौतुक.

"पायावर कोयता बसला तवाबी हूं की चूं केलं न्हाई ह्यांनी. मोळ्या वाहिल्या तशाच."

"जोरात खोका, बाबा. कफ साठला तर न्यूमोनिया होईल."

तो घशातल्या घशात खाकरला. कपाळावर घाम फुटला.

"खरं सांगा. इंजेक्शन देते मी."

"न्हाई म्हनलं की, ताई."

राउंडला डॉक्टर खूश झाले. "बघा, याला एकही डोस लागला नाही!" सहादेव पहिला नंबर आल्यासारखा हसला. पंकजाला त्या हसण्याचा भयंकर राग आला.

"सर, ते खोकतच नाहीयेत."

"उद्या एक्सरे काढू."

दुसऱ्या दिवशी ताप चढला, धाप लागली. आयसीयूत नेताना त्याने पंकजाचा हात धरला.

"खोकलं की फाटतंय, ताई. पर सांगितलं असतं तर तुमी ठिवून घेतलं असतं. दसऱ्यानंतर टोळी निघती. हिला येकलीला मुकादम न्हेत न्हाई."

छाती चिरलेला माणूस दसऱ्यानंतर उसात उभा राहणार होता! पंकजाला रडू आवरेना.

तोंडात नळी गेली, मशीन लागलं. आता सांगायची गरज नव्हती; इंजेक्शन न मागता सुरू झालं. हळूहळू त्याच्या मुठी सुटल्या, कपाळ सैल पडलं. पण ऑक्सिजन काही वर येईना. डॉक्टरांनी राहीबाईला आत बोलावलं.

ती खाटेशी थबकली. खूप वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"लगीन झाल्यापास्नं ह्यांच्या कपाळाला आठी हुती, ताई," ती म्हणाली. "मला वाटायचं, तोंडवळाच तसा हाय."