बाहेर राहिलेला हात

आई बाथटबमध्ये बसली होती आणि वाफेत तिला माझ्या वडिलांच्या शिलाई मशीनची टकटक ऐकू येत होती. वडील शिंपी होते, गेल्या वर्षी वारले. मशीन तर मीच विकून टाकली होती. पण तिला तसं बोलले नाही, कारण हळूहळू मलाही ती टकटक ऐकू यायला लागली.

दोघांचं जन्मभर एकाच गोष्टीवरून वाजायचं. आईच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. वडिलांच्या चर्चमध्ये मोठेपणी, समजून-उमजून, अख्ख्या माणसाला पाण्याखाली घेतात.

"चार थेंबांनी रुमाल तरी भिजतो का?" वडील म्हणायचे.

"देव काय बादल्या मोजत बसतो?" आई म्हणायची. मग घरच्यांकडून ऐकलेली फुशारकी मारायची: बाप्तिस्म्याच्या वेळी तिने मनगटापर्यंत हात पाण्याच्या पात्रात बुडवून असा फटका मारला, की पाळकांची बाही चिंब झाली. आम्ही हसून बेजार व्हायचो.

जाताना मात्र वडील हसले नाहीत. "तू बुडी घेतली असतीस, तर तिकडे नक्की भेटलो असतो," म्हणाले. मला त्यांचा भयंकर राग आला, अजून आहे. असं बोलून कुणी जातं का? आईची झोपच उडाली. तिचे पाळक म्हणाले, बाप्तिस्मा एकदाच. वडिलांचे पाळक म्हणाले, तारतो तो विश्वास, पाणी ही खूण. असेल. आईला फक्त भेट हवी होती. आणि तिचं हृदय बघून डॉक्टरांनी बुडीला साफ मनाई केली होती.

मी साबणाकडे वळले, तोच तिने माझा हात घट्ट धरला, डोळे मिटले आणि पाण्याखाली गेली. पांढरे केस वर तरंगले, मग तेही बुडाले. ओढून वर काढलं, तर बाई धापा टाकत हसत होती.

मग तिचं लक्ष माझ्या मुठीतल्या आपल्या हाताकडे गेलं आणि चेहरा उतरला.

"हा हात बाहेरच राहिला गं. घाबरून तुला धरलं ना."

दुसरी बुडी तिला झेपली नसती. मी हात सोडला नाही.

"आई, पाळकांची बाही कुठल्या हाताने भिजवलीस?"

तिने तो हात मनगटापर्यंत न्याहाळला. मग टकटक येत होती त्या भिंतीकडे वळून ठसक्यात म्हणाली, "ऐकलंत? हा हात तेव्हाच बुडालाय."